केकसाठी म्हणून आलेली काकवी

डिसेंबर लागला की माझं नाक माकणीला, माझ्या गावी जातं, बाकीची मी पुण्यातच राहते. इथं एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये नोकरी आहे, त्यामुळं पाय हलवायची सोय नाही. पण सकाळी कामावर निघताना रस्त्याकडेला कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो. थंडीत धूर वर चढायचा कंटाळा करतो, तसाच खाली रेंगाळतो, आणि दूरवर कुठं उसाचं कांडंही नसताना मला त्यात गुऱ्हाळाचा वास येतो. ओलं चिपाड, तापलेलं लोखंड आणि गोड वाफ, तिन्ही एकदम. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळत नाही. मी आपली स्कूटर जरा हळू करते आणि पुढं जाते.

यंदा तो वास आला की मी तारीख मोजते. दरवर्षी नाताळाच्या आठवडाभर आधी अप्पा, म्हणजे माझे वडील, मला काकवीचा डबा पाठवतात. गावाजवळच्या लोहाऱ्याहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये ड्रायव्हरच्या पायाशी बसून तो डबा पुण्याला येतो. यंदा वीस तारीख उलटली, डबा आलेला नाही. फोन करून विचारता येतं, एवढं मलाही कळतं. पण गेल्या वर्षी येळवसला, आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, मी अप्पांना एक खरी गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून आमच्या दोघांत फक्त हवापाण्याचं बोलणं उरलंय. "थंडी हाय का तिकडं?" "हाय." "जप मग." झालं. आता डबा कुठाय म्हणून कुठल्या तोंडानं विचारू? डबा आला तर अप्पांनी मला जवळ ठेवलं, नाही आला तर नाही, असं मी मनाशी ठरवून बसले आहे. वेडेपणा आहे, मान्य आहे, पण बसले आहे खरी.

अप्पा गुळव्या आहेत. गुऱ्हाळाचा मालक वेगळा, पण कढईपुढं मालकाला कोण विचारतो? रस किती उकळायचा, मळी कधी काढायची, चुलवणात चिपाडं कधी सारायची आणि कधी हात आखडायचा, हे सगळं गुळव्याच्या तोंडून. जरा उशीर झाला की गूळ काळा पडतो, जरा घाई झाली की ढेप बसत नाही, चिखलासारखी पसरते. एकदा मी किचनमधल्या थर्मामीटरचा फोटो पाठवला तर त्यांचा फोन आला, "कुणाला ताप आलाय?" त्यांना असलं काही लागत नाही. ते बुडबुडे बघतात. आधी नुसता फेस, मग मोठाले बुडबुडे, मग बेडकाच्या डोळ्यांसारखे, संथ, फुटायला वेळ लावणारे. तिथं आले की अप्पा हात गार पाण्याच्या बादलीत बुडवतात, उकळत्या पाकात बोटं घालून चिमूटभर पाक उचलतात आणि परत पाण्यात घालतात. पाण्यात त्याची टणक गोळी वळली की गूळ झाला. गोळी व्हायच्या बऱ्याच आधी जी बाजूला काढायची, ती काकवी.

मी नऊ वर्षांची असताना अप्पा चहा प्यायला वळले तेवढ्यात मीही तो हात करून बघितला. पाण्यात बुडवायचं तेवढं विसरले. डाव्या मनगटावरचा डाग अजून आहे. अप्पांनी मला उचलून हौदात अख्खा हात धरला, आणि मी बोंबलत असताना कानाशी सांगत होते, "आधी डोळा शिकीव, हात नंतर शिकतू." मला वाटतं तेव्हापासून मी त्यांची शागीर्द झाले. पोरीला असलं काय शिकवायचं म्हणून मालक हसायचा. अप्पा म्हणायचे, बुडबुड्याला काय ठावं बघतंय पोरगं का पोरगी. पुढची चार-पाच वर्षं मी शाळा सुटली की दप्तरासकट गुऱ्हाळावर. गरम काकवीत भुईमुगाचे दाणे बुडवून खायचे, वाफेनं केस चिकट करून घ्यायचे, आणि अप्पांनी विचारलं की सांगायचं, "अजून न्हाय झाली." बहुतेक वेळा माझं बरोबर यायचं. चुकलं तर ते रागवायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "नीट बघ." घरी गेल्यावर अव्वा, माझी आई, केसांतून फणी फिरवताना शिव्या द्यायची, मला नव्हे, अप्पांना.

आता खरी गोष्ट. आम्ही लिंगायत, घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग आहे. अप्पा अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. आमच्या चुलीनं अंडंसुद्धा पाहिलेलं नाही. बाजारातली बिस्किटं आणली तर अव्वा पुड्यावरचा हिरवा ठिपका बोटानं चाचपून बघते, जणू तो पुसून येईल. अशा घरातली मी हॉटेल मॅनेजमेंट शिकले, आणि घरी सांगितलं की मी बेकरीत आहे. पाव, बिस्किटं, बिनअंड्याचे केक. पहिले सहा महिने ते खरंही होतं. मग माझा हात बघून मला मुख्य किचनमध्ये घेतलं. तिथं काय काय शिजतं ते काही मी घरी सांगत बसले नाही. चाखायचं पण असतं. चाखत नाही म्हणायची सोय या धंद्यात नाही. पहिल्यांदा चमचा तोंडाला लावला तेव्हा मी दुसऱ्या हातानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं, माफी मागायला की आधाराला, अजून कळलेलं नाही.

पहिल्या नाताळाला आमचे शेफ ऑगस्टिन यांनी माझ्यापुढं हॅम ठेवलं. डुकराची अख्खी मांडी, लोणचं मुरतं तशी मिठात मुरलेली, वरून धुरी दिलेली. वय झालेला गोव्याचा माणूस, हॅमपुढं आला की देवळात आल्यासारखा हळू बोलतो. त्यांनी मला वरचं कातडं सोलायला शिकवलं. खाली पांढरी चरबी लागते. तिच्यावर सुरीनं आडवे-तिरपे काप द्यायचे, शंकरपाळ्या पाडल्यासारखे, आणि प्रत्येक शंकरपाळीत एक लवंग टोचायची. मग मांडी ओव्हनमध्ये. शेवटच्या अर्ध्या तासात वरून गोड पाकाचे हात द्यायचे, एकावर एक, म्हणजे वर तांबूस चकाकी येते. शेफ म्हणाले, "आमच्या घरी हे आई करायची. ती गेल्यावर आमचा नाताळ दुकानातून येतो." हे सांगताना ते लवंगा टोचतच होते. शंकरपाळ्या म्हटल्यावर माझा हात सरावल्यासारखा चालला. चरबी आहे हे मी विसरले, दिवाळी असल्यासारखी काप देत राहिले.

पाकासाठी मध होता. मला तो फिका वाटला. खोलीवर अप्पांनी भाकरीशी खायला दिलेली काकवी होती, ती मी दुसऱ्या दिवशी घेऊन आले. शेफनी बोटावर घेऊन चाखली आणि डोळे मिटले. म्हणाले, "हे कुठं होतं इतके दिवस?" माझी छाती अशी फुगली की एप्रनची नाडी तुटायची. पण हॅमवर लावायला गेले तर काकवी ठरेना. ब्रश फिरवला की चकाकायची, आणि ओव्हनमध्ये गेली की घसरून ट्रेमध्ये. ट्रेमध्ये जळायची, किचनभर धूर. मी बाहेर पळाले आणि अप्पांना फोन लावला.

"अप्पा, काकवी वरनं लावली की वाहून चाललीय. काय करू?"

"कशावर लावतीस?"

तोंडात उत्तर तयार होतं. "केकवर."

"मग वाहू दे की," अप्पा म्हणाले. "केकला पातळच पायजे. आत मुरती. वर चिकटून बसली तर दातात आडकंल लोकांच्या. हळूहळू पाज."

मग मी हळूहळू पाजत बसले. दर तीन मिनिटांनी ओव्हन उघडायचा, ट्रेमधली काकवी चमच्यानं उचलायची, परत वर ओतायची. दोन्ही हातांचे केस जळाले. चव अशी उतरली की शेफ मला कडेला घेऊन म्हणाले, "चव शंभर टक्के. चकाकी पन्नास." पन्नासात मी खूश होते. पण खोटं एकदा बोललं की त्याला सांभाळावं लागतं. पुढच्या वर्षी अप्पांनी मुद्दाम केकसाठी म्हणून आणखी पातळ काकवी काढली. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून पातळ. पहिल्या धारेचा रस, गाळून, दोनदा मळी काढून, चाळणीतून सोडलेली. डबा आला की फोन यायचा, "बघ, पाण्यागत केलीया. कसली मुरंल." मी म्हणायची, लई छान अप्पा. आणि मग नाताळात तीच पाण्यासारखी काकवी डुकराच्या मांडीवरून घरंगळताना बघत बसायची.

गावात तोवर माझ्या केकची बातमी झाली होती. गुऱ्हाळावर रस प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा सांगायचे, की माझ्या नंदाचा केक पुण्यात साहेब लोक खातात अन् त्यात ही काकवी असते, ह्या कढईतली. अव्वा फोनवर कुजबुजायची, "आवर की गं तुझ्या अप्पाला. परवा सोसायटीत जाऊन सांगून आले." मला हसू यायचं, आणि फोन ठेवून मी परत मटण परतायला लागायची.

येळवस म्हणजे मार्गशीर्षाची अमावस्या. आमच्याकडं दिवाळीला न येणारी पोरंसुद्धा येळवसला येतात. गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप घालायची, तिच्यावर शाल पांघरायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांना भज्जीचा, बाजरीच्या उंड्यांचा, खिरीचा नैवेद्य. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे बरं, शेतात जे जे हिरवं सापडतं ते सगळं आणि बेसन, एका पातेल्यात. आणि बिंदगीतली, म्हणजे छोट्या मडक्यातली आंबील, ताकातली, लसणाची, थंडगार. दुपारपर्यंत इतकी पिऊन होते की माणसं झाडाखाली आडवी पडतात, कुणी कुणाला उठवत नाही. हरभऱ्याचा आंब हाताला लागलेला असतो, बोटं चाटली तर आंबट. गावच्या धरणावरून वारा येतो. मला विचाराल तर जगात यापेक्षा बरं जेवण नाही, आणि मी बरीच महागडी जेवणं रांधली आहेत.

गेल्या वर्षी येळवस नाताळानंतर आली. मी सुट्टी काढून गेले. शेतात पोचले तर पाहुणे नेहमीपेक्षा जास्त. अप्पांनी मला कोपीमागं नेलं आणि लहान पोरासारखं तोंड करून एक पिशवी पुढं केली. आत मैदा, सोडा, वेलदोडे. बाजूला एक मोठं पातेलं, त्यात वाळू.

"आज तुजा केक करायचा," अप्पा म्हणाले. "समद्यास्नी सांगून ठेवलंय. आगटी पेटवून ठिवलीया."

हुरड्यासाठी पेटवलेली आगटी म्हणजे गोवऱ्यांचा निखारा. त्यात वाळूचं पातेलं बसवून, झाकणावर निखारे ठेवून, ताक आणि काकवी घालून मी केक केला. आणि काय सांगू, तो फुलला. असा फुलला की बेकरीत कधी फुलला नव्हता. कडा तांबूस, वर काकवीची ओल. पाहुणे भोवती गोळा झाले. अप्पांनी सुरी घेतली, पहिला तुकडा कापला, आणि मला वाटलं आता तोंडात घालतील. ते वाकून कोपीत शिरले. तो तुकडा त्यांनी भज्जीच्या शेजारी पांडवांपुढं ठेवला, पाणी फिरवलं, डोळे मिटून हात जोडले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "माज्या लेकीचं काम हाय," एवढंच म्हणाले.

खोटं तिथं सहज तगलं असतं. केक झाला होता, लोक बोटं चाटत होते, कुणाला कसली शंका नव्हती. पण त्यांनी ते देवापुढं ठेवलं आणि माझा धीर सुटला. जेवणं झाल्यावर अप्पा बोअरच्या पाइपाखाली हात धुवायला गेले, मी मागं गेले. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"अप्पा, मी केकचं काम करत न्हाय," मी म्हणाले. "तुमची काकवी मी मटणाला लावते. डुकराच्या. तिकडं नाताळाला करतेत."

ते हात चोळत होते ते थांबले. पाणी वाहत होतं.

"तिन्ही साल?"

"व्हय."

"चाखतीस?"

"चाखावं लागतं, अप्पा."

त्यांनी पाइपाचा कॉक बंद केला. हातांना अजून काकवी होती. तसेच ते ज्वारीत शिरले आणि बांधापलीकडं गेले. संध्याकाळी हेंडगा घेऊन, म्हणजे पेटत्या कडब्याची मशाल घेऊन, शेताला फेरी मारायची असते. दरवर्षी मी त्यांच्या मागं पळते. गेल्या वर्षी ते एकटेच फिरले. दुसऱ्या दिवशी मला फाट्यावर सोडायला अव्वा आली. धपाट्यांचं गाठोडं माझ्या हातात देऊन म्हणाली, "काय बोललीस गं त्यांना? सकाळपासनं चुलीपुढं बसून हायेत." मी गाठोडं पिशवीत कोंबलं. मी गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून विचारलं, "लई मोठं हाय का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "बरं. म्या बघते." तिला काय बघता येणार होतं कुणास ठाऊक, पण तेवढ्यावर मी पुण्यापर्यंत आले.

नंतरचं वर्ष कसं गेलं ते थंडी हाय का, हाय, जप मग, यात येऊन गेलंच आहे. उन्हाळ्यात ऊन हाय का, पावसाळ्यात पाऊस हाय का. अप्पा फोन घेत नव्हते असं नाही. घ्यायचे. पण पूर्वी ते मला सांगायचे, आज पाक कसा चढला, कुणाच्या उसाला गोडी आहे, कुणाचा कारखान्याला पाठवायच्या लायकीचा. ते सगळं बंद. मला ते इतकं आठवायचं की किचनमध्ये साखरेचा पाक करताना मी स्वतःशीच बोलायची, अजून न्हाय झाली. बाजूचे पोरगे बघायचे. यंदा येळवस नाताळाच्या आधीच आली. सुट्टी मिळाली नाही असं मी अव्वाला सांगितलं. खरं म्हणजे मागितलीच नव्हती. आता बघा, खरं सांगायला शिकले म्हणेपर्यंत पुन्हा तेच.

बावीस तारखेला शेफ ऑगस्टिन माझ्या टेबलाशी आले. हॅम येऊन पडलं होतं. "तुझा डबा?" त्यांनी विचारलं. मी मधाची बरणी पुढं सरकवली. त्यांनी बरणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लवंगा मोजायला लागले. काही माणसं विचारत नाहीत, त्याचा फार त्रास होतो. मी भांडी ठेवायच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं रडून आले. रडायला ती खोली बरी, तिथं कांदेही असतात.

तेवीसला सकाळी अनोळखी नंबर. "ताई, लोहाऱ्याचं पार्सल हाय. दोन डबे. पायाशी ठिवून माजं गुडघं आखडलं, लवकर या." मी एप्रनवरच स्कूटर काढली. ड्रायव्हरनं डबे खाली दिले. दोन्ही सारखेच, स्टीलचे, झाकणाला फडकं बांधलेलं. एकाच्या फडक्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली. दुसऱ्याचं फडकं कोरं, नुसता सुतळीचा फेरा. मी दोन्ही मांडीवर घेऊन तिथंच फुटपाथवर बसले, आणि अव्वाला फोन लावला.

"पोचलं?" अव्वाचा आवाज दबका. "ऐक, त्यो मागं हौदावर हाय, तवर सांगते. तुझा अप्पा मागल्या आठवड्यात काय करून आला म्हाईत हाय? बाजारच्या दिवशी मटणाच्या दुकानापुढं जाऊन हुबा ऱ्हायला. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अन् दुकानापुढं. समदं गाव बघतंय. दुकानदार घाबरला, म्हणतुया अप्पा वाट चुकलाव का. तर ह्यो इचारतुया, चरबी तापल्यावर वरचं गोड ठरतंय का वाहून जातंय."

"मग?"

"मग काय. दुकानदार म्हणला, चरबी सुटती, तेल होतं, पातळ काय ठरत न्हाय त्याच्यावर. एवढं ऐकलं अन् घरला आला. गावात बोभाटा, अप्पानी मटण धरलं म्हणून. म्या इचारलं तर म्हणतुया, गावाला बोलू दे." मग तिचा आवाज एकदम मोठा झाला. "हां, व्हय, पोचले म्हणती दोन्ही."

मागून अप्पांचा आवाज आला. "कोरा कुठला अन् विभूतीचा कुठला सांगितलंस का?"

"सांगतेच हाय."

"साकु," अप्पा म्हणाले. कन्नडात साकु म्हणजे पुरे. अप्पा चिडले की त्यांचं मराठी संपतं. "दे हिकडं. तुला सांगता येत न्हाय."

फोनमध्ये जरा खरखर झाली. वर्षभरात पहिल्यांदा ते थंडीबद्दल बोलले नाहीत.

"विभूतीचा घरी. भाकरीसंगं खायाचा, देवाला दावायचा. कोरा तुझ्या कामाचा. चमचा हिकडचा तिकडं करायचा न्हाय. कळलं?"

"कळलं, अप्पा."

"कोरा घट्ट हाय. गोळी व्हायला आली अन् झाली न्हाय, तितं काढलाय. म्हणून उशीर झाला, दोन कढया बिघडल्या. मालक वरडला. लावायच्या आधी जरा कोमट कर, मग लाव. एकदम पाजायचा न्हाय, पातळ थर, वाळू दे, परत थर."

मी काहीतरी म्हणायला गेले, त्यांनी बोलू दिलं नाही.

"ऐक. मला ते आवडलेलं न्हाय. ते तसंच ऱ्हाणार, त्याचं काय बोलू नगं. पण तू तीन साल मला चुकीचं इचारलंस. म्या केकचं सांगत बसलो. माजा पाक तितं परातीत जळत हुता, अन् म्या हितं गावाला सांगत फिरत हुतो. इतकी वर्सं कढईपुढं हाय, माजा पाक वाहून गेला असं कुणी म्हणलं न्हाय मला. आधी सांगितलं असतंस तर आधीच घट्ट काढला असता की."

मी फुटपाथवर बसून होते, माणसं वळसा घालून जात होती. मी म्हणाले, "अप्पा, चुकलं." ते म्हणाले, "व्हय, चुकलं," आणि फोन ठेवला. समजूत वगैरे काढायची त्यांची पद्धत नाही. बरं वाटलं.

विभूतीचा डबा मी खोलीवर देवापाशी ठेवला. कोरा किचनमध्ये नेला. त्याच्यासाठी नवीन चमचा काढला, नवीन ब्रश, आणि दोन्हींच्या दांड्यांना सुतळी बांधली. शेफनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, चमचा इकडचा तिकडं होता कामा नये. त्यांनी एकदम मान डोलावली, त्यांना हे कसं कळलं देव जाणे. मग त्यांनी बोट बुडवलं, चाखलं, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. बोट तिरकं धरून बघत राहिले. काकवी बोटाच्या टोकाशी थांबली होती, खाली येत नव्हती.

पंचवीसला सकाळी हॅम ओव्हनमध्ये होतं. तिसरा थर देऊन मी दार बंद केलं आणि खिशातला फोन थरथरला. अप्पा. कामाच्या वेळी ते कधी फोन करत नाहीत. कामाच्या माणसाला कढईपुढून उठवू नये, हे त्यांनीच मला शिकवलंय. मी काचेशी वाकले, फोन कानाला.

"काम चालूय?"

"चालूय. आत आहे."

"फोटो पाठवू नगं," अप्पा म्हणाले. "मला बघवायचं न्हाय. तोंडानं सांग. कसं दिसतंय?"

मी काचेतून बघितलं आणि सांगायला लागले. शंकरपाळ्यांच्या कडा वर उचलल्यात, अप्पा. मध्ये मध्ये लवंगा. रंग ढेपेसारखा, पण ओला. वर बारीक बुडबुडे येतायत, संथ. फुटायला वेळ लावतायत. मला वाटतं मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझं काम सांगत होते. पलीकडं चिपाडं सरकवल्याचा आवाज आला, गुऱ्हाळावरूनच बोलत होते ते.

"ठरली का?" त्यांनी विचारलं.

"ठरली, अप्पा. जागची हलंना."

तिकडं ते कुणाला तरी मळी काढ म्हणून ओरडले. मग म्हणाले, "कडंला?"

मी नीट बघितलं. "कडंला जरा काळी पडाय लागलीय."

"मग माज्याशी काय बोलत बसलीस," अप्पा म्हणाले. "फोन ठिव. आधी जाळ कमी कर."